सरकारी योजना, कंपनीचा फंड आणि मधे अडकलेले आपण: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या भागात सरकार किंवा महापालिकेच्या जोडीला खासगी पैशावर चालणारं एखादं काम असेल, शाळा, क्लास, दवाखाना काहीही, तर त्याचा अनुभव कळवा आणि प्रश्न असतील तर तेही पाठवा. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून भरपूर आलं, बहुतेक पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधूनच. सगळं छापणं शक्य नाही, म्हणून ज्याच्या उत्तराचा बाकीच्यांनाही उपयोग होईल असे प्रश्न घेतलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, आमच्या वस्तीत महापालिकेच्या समाजमंदिरात एका कंपनीच्या सीएसआरमधून (कंपनीनं समाजाच्या कामासाठी काढलेल्या पैशातून) कॉम्प्युटरचा आणि इंग्लिश बोलण्याचा क्लास चालू होता. माझी मुलगी बारावी झालीय, ती तिथं टॅली शिकत होती. तीन वर्षं छान चाललं आणि मार्च संपता संपता दारावर एक कागद चिकटवला, "प्रकल्प कालावधी पूर्ण झाल्याने केंद्र बंद", आणि कुलूप. खिडकीतून बघितलं तर कॉम्प्युटर तसेच टेबलावर आहेत, वरून प्लास्टिक टाकलंय. वॉर्ड ऑफिसला गेले तर ते म्हणतात संस्थेचं आहे, संस्थेला फोन केला तर म्हणतात कंपनीचा फंड संपला, आणि कंपनीत आम्हाला गेटवरून आत कोण सोडणार? जायचं कुणाकडं? (एक आई, धनकवडी)

उत्तर: ताई, असंच कुलूप थोड्याफार फरकानं अजून बऱ्याच पत्रांत आहे म्हणून तुमच्यापासून सुरुवात करते. आधी हे तीन वर्षांचं गणित समजून घ्या, म्हणजे कुणाला काय विचारायचं ते कळेल. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करावीच लागते. आणि नियमात चालू प्रकल्प कशाला म्हणायचं, तर सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यातले पैसे उरले तर वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे आणि तेही पुढच्या तीन वर्षांत संपवायचे. म्हणजे पैशाची सगळी घडीच तीन वर्षांची आहे. कंपनी यात काही बेकायदा करत नाही, संस्थासुद्धा बहुतेक वेळा प्रामाणिक असते. पण मुलीचं शिकणं काही आर्थिक वर्ष बघून चालत नाही.

मला विचाराल तर गडबड पहिल्याच दिवशी होते, जागा देताना. समाजमंदिर महापालिकेचं आहे, म्हणजे आपलं. ते संस्थेला वापरायला देताना करारनामा होतो, आणि मुदत संपल्यावर केंद्र कोण चालवणार ही ओळ त्यात बहुतेक वेळा नसतेच, कारण उद्घाटनाच्या घाईत बंद होण्याचा विचार कुणाला करायचा नसतो. तर तुम्ही आधी तो करारनामा हातात घ्या. माहिती अधिकाराचा साधा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नको, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. (कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला त्याच दिवशी देशातला पहिला अर्ज आपल्या पुण्यातच, एका पोलिस स्टेशनात दिला गेला होता.) अर्जात चारच गोष्टी मागा: कराराची प्रत, मुदत, आतलं सामान कुणाच्या मालकीचं आहे आणि मुदतीनंतरची जबाबदारी कुणाची. सामानाचं मुद्दाम विचारा, कारण २०२१ च्या सीएसआर नियमांनुसार अशा पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही, ती नोंदणी असलेल्या संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावावर असावी लागते. म्हणजे प्लास्टिकखालचे कॉम्प्युटर वापरायला कंपनीच्या गेटवर जायची गरजच नाही. आणि अर्ज एकटीनं देऊ नका, ज्यांची ज्यांची मुलं तिथं होती त्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

याची उलटी बाजूही बघा. १०८ ची ॲम्ब्युलन्स सेवा २००५ मधे हैदराबादला सत्यम कंपनीच्या मालकांच्या पैशावर सुरू झाली. जानेवारी २००९ मधे सत्यमचा घोटाळा बाहेर आला, पैसा देणारेच गजाआड गेले. तरी ॲम्ब्युलन्स बंद पडल्या नाहीत, कारण तोपर्यंत राज्य सरकारांशी करार झाले होते आणि चालवण्याचा बहुतेक खर्च सरकारकडून येत होता, मग व्यवस्थापन दुसऱ्या कंपनीकडं गेलं आणि काम चालू राहिलं. खासगी माणसानं सुरू करावं, चालतंय हे दाखवावं, आणि तोवर सरकारच्या बजेटमधे त्याची ओळ आलेली असावी. तुमच्या केंद्राबाबत ही शेवटची पायरीच राहिली.

मुलीचं वर्ष मात्र यासाठी थांबवू नका. महापालिकेच्या समाज विकास विभागाकडं प्रशिक्षणाची चौकशी करा, आणि तरुणांना कौशल्यं शिकवणाऱ्या लाइटहाऊस केंद्रातही जाऊन या. औंधला २०१६ मधे पहिलं सुरू झालं, जागा महापालिकेची आणि पैसा कंपन्यांचा अशीच रचना आहे. टॅली तिथं मिळेल का ते प्रत्यक्ष जाऊनच विचारा.

प्रश्न: वडील रात्री घरात चक्कर येऊन पडले, तोंड वाकडं झालं. रिक्षातून जवळच्या मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमधे नेलं तर आधी डिपॉझिट भरा म्हणाले. केशरी रेशनकार्ड दाखवलं तर काउंटरवरच्या बाईंनी न बघताच सांगितलं की चॅरिटीचे बेड फुल आहेत. शेवटी उसने आणून भरले. आता मला एवढंच सांगा, ही सवलत सरकारी योजना आहे का हॉस्पिटलची मेहेरबानी? (सिंहगड रोड)

उत्तर: मेहेरबानी अजिबात नाही, हे पहिलं डोक्यात पक्कं करा. ट्रस्टच्या हॉस्पिटलांना धर्मादाय म्हणून करात सवलत मिळते, काहींना जमीन कमी दरात मिळालेली असते, जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळालेला असतो. त्याच्या बदल्यात त्यांच्यावर कायद्यानं जबाबदारी आहे, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१-एए आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मधे मंजूर केलेली योजना. १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी, पूर्ण मोफत. आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी, सवलतीत. याशिवाय हॉस्पिटलनं आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या फंडात टाकायची असते, निर्धन रुग्ण निधी म्हणतात त्याला, तो यासाठीच वापरायचा. उत्पन्नाची मर्यादा निर्धनसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. इमर्जन्सी असेल तर आधी दाखल करून घ्यायचं आणि पेशंट स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे, डिपॉझिटसाठी दारात अडवता येत नाही. तुमच्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका होता असं लक्षणांवरून दिसतंय, त्यात तर एकेक मिनिट महत्त्वाचं, त्या वेळी कार्ड न बघता "फुल" म्हणणं हे मला फार गंभीर वाटतं.

पुढं काय करायचं? बिल, डिस्चार्ज कार्ड, डिपॉझिटची पावती, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एकत्र लावून धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. त्यात त्या रात्रीची वेळ लिहा आणि त्या दिवशी निर्धनांसाठीचे किती बेड खरंच भरलेले होते याची नोंद मागवावी अशी विनंती करा, हॉस्पिटलनं ती नोंद ठेवायचीच असते. आणि पुढच्या उपचारांसाठी दोन वेगळ्या खिडक्या आहेत हे लक्षात ठेवा, लोक नेहमी गल्लत करतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना ही सरकारी पैशाची, त्यासाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायचं. धर्मादाय बेड ही ट्रस्टची जबाबदारी, त्यासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांना. एकीत बसलं नाही तर दुसरीत विचारायचं, आणि "नाही" म्हणाले तर ते लेखी मागायचं.

पुण्यातल्या ससून हॉस्पिटलचं नावसुद्धा एका देणगीदाराचंच आहे, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मधे ते उभं राहिलं. दीडशे वर्षं झाली, आज माणूस तिथं सरकारी दवाखाना म्हणून हक्कानं ॲडमिट होतो. देणगी अशी मुरली पाहिजे.

प्रश्न: आमच्या सोसायटीत दर महिन्याला घरटी कचऱ्याचे पैसे स्वच्छच्या ताईंना द्यायला लागतात. प्रॉपर्टी टॅक्स भरतोच आहोत, मग हा दुसरा खर्च का? (औंध)

उत्तर: कारण हीच त्या व्यवस्थेची रचना आहे आणि माझ्या मते पुण्यानं देशाला दाखवलेली ही फार मोलाची रचना आहे. १९९३ मधे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढावांच्या चळवळीतून आलेली कचरावेचकांची युनियन. मग त्याच बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मधे तिचा महापालिकेशी करार झाला. महापालिका गाड्या, हातमोजे, समन्वयाचा खर्च बघते, घरोघरचं महिन्याचं शुल्क थेट कचरा उचलणारीला जातं आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून तिला आणखी काही मिळतं. मधे ठेकेदार नाही. आधी कंटेनरमधे उतरून, कुत्र्यांमधून, उघड्या हातानं वेचणारी बाई आज ओळखपत्र घालून तुमच्या दारात येते. मोठ्या ठेकेदाराकडं हे काम दिलं तर टॅक्समधूनच जास्त पैसे जातील आणि तिला मात्र रोजंदारी मिळेल. पैसे वेळेवर द्या, आणि सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या, ते तिला हातानं वेगळे करायला लागतात.

प्रश्न: मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे, यंदा सीएसआर कमिटीवर घेतलंय. मॅनेजमेंटला मनपाच्या शाळांना स्मार्ट बोर्ड द्यायचेत. वर एका सरांचं म्हणणं की आपलं नाव ठळक दिसलं पाहिजे. पगारावर खर्च नको, तो ५ टक्क्यांच्या लिमिटमधे जातो असंही सांगतात. मला मनापासून काहीतरी टिकणारं करायचंय, काय सुचवाल? (वाकड)

उत्तर: बोर्ड विकत घ्यायच्या आधी त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, आणि फक्त विचारू नका, शाळेत फिरा. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लागते का, दुपारच्या सुट्टीत नळाला पाणी असतं का, संध्याकाळी झाडायला किती माणसं आहेत. मी बघितलेल्या शाळांत आधीच्या कुणीतरी दिलेला बोर्ड भिंतीवर असतोच, रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात आणि बल्ब गेल्यावर दुरुस्ती कुणी करायची यावर पत्रव्यवहार चालू. वस्तू एकदा डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढली की ती मोडली तरी काढून टाकायला वरची परवानगी लागते, त्यामुळं वर्गातली निम्मी जागा अशाच सामानानं अडते.

पगाराबद्दल तुमच्या कंपनीत गैरसमज आहे. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. शिक्षणाच्या प्रकल्पात शिक्षकांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च धरला जातो, कंपनी व्यवहार मंत्रालयानं तसं स्पष्ट केलेलं आहे. त्यामुळं वाचनात मागं पडलेल्या मुलांसाठी दोन चांगल्या शिक्षिका, वस्तीतलीच शिकलेली मुलगी असेल तर अजून उत्तम, तीन वर्षांसाठी द्या. आणि करारात आत्ताच लिहून घ्या की दुसऱ्या वर्षी शिक्षण विभागाचे अधिकारी बसून निकाल बघतील आणि उपयोग दिसला तर तिसऱ्या वर्षी खर्चातला काही वाटा मनपा उचलेल. वरचं धनकवडीचं पत्र तुमच्या कमिटीत वाचून दाखवा. पुणे मनपाच्या काही इंग्रजी माध्यमाच्या शाळा आकांक्षा फाउंडेशन चालवतं, इमारत मनपाची, शिक्षक आणि शिकवण्याची पद्धत संस्थेची, त्यातली एखादी बघून या, पैसा माणसांवर घातला की काय होतं ते दिसेल.

नावाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२३ मधे राज्य सरकारनं दत्तक शाळा योजना आणली, त्यात देणगीदाराला आपलं नाव शाळेच्या नावाला जोडून घेता येतं. माझा याला विरोध आहे. दारातल्या पाटीवर नाव हवं तर लिहा, आभार मानायला कुणाची हरकत नाही, पण पाच-दहा वर्षांच्या देणगीवर सरकारी शाळेचं नाव बदलायला नको, ती शाळा त्या गल्लीची आहे.

प्रश्न: आम्ही चार मित्र, इंजिनिअरिंगला शेवटच्या वर्षाला. अंगणवाडीतल्या मुलांची उंची-वजन फोटोवरून मोजणारं ॲप बनवतोय. एका फाउंडेशननं थोडे पैसेही दिलेत. पण सरकारी ऑफिसात कुणी भेटतच नाही. आपल्याकडं नवीन कल्पना सरकारपर्यंत पोचतच नाहीत का? (कर्वेनगर)

उत्तर: पोचतात, पण वेळ लागतो आणि पुरावा लागतो. महाराष्ट्रातलंच सगळ्यात मोठं उदाहरण सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं १९९३ पासून एक प्रयोग केला. खेड्यात बाळं जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच दगावायची आणि हॉस्पिटल लांब. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, घरी जाऊन बाळ तपासायचं, वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचे. शेजारच्या ४७ गावांत हे केलं नाही, तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला, १९९९ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. यातला खर्च मुख्यतः खासगी देणग्यांचा आणि फाउंडेशनचा होता, आणि तो तसाच असणं बरोबर होतं, कारण चालेल का हेच माहीत नसलेल्या गोष्टीवर सरकारी अधिकारी पैसे घालू शकत नाही, उद्या ऑडिटला उत्तर त्याला द्यावं लागतं. आणि मग २०११ मधे केंद्र सरकारनं आशांमार्फत घरोघरी नवजात बाळांची तपासणी देशभर सुरू केली. छापून आल्यापासून १२ वर्षं. एवढ्या उशिराचं मला वाईट वाटतं, पण आज लाखो आशा हे काम करतायत आणि ते कुठल्या देणगीवर अवलंबून नाही.

त्यांच्या कामातली एक वस्तू तुम्ही पोरांनी जरूर समजून घ्या. बाळाला न्यूमोनिया झालाय का हे श्वास मोजून कळतं, पण गावातल्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. तर त्यांच्यासाठी मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं, ठरावीक श्वास झाले की मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्यापर्यंत पोचलात तर बाळ आजारी. बॅटरी नाही, नेट नाही. ते बनवणाऱ्यांनी आधी दाईच्या हाताकडं बघितलं होतं.

आता तुमच्या ॲपकडं या. अंगणवाडी सेविकेकडं पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आहेच, त्याशिवाय रजिस्टरं आहेत, सर्व्हे आहेत, निवडणुकीची कामं आहेत. २०२१ मधे राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते, फोन बिघडायचे, ॲप इंग्रजीत होतं. तेव्हा तुमचं ॲप तिचं एखादं रजिस्टर कमी करणार असेल तरच ती ते उघडेल, अजून एक काम वाढवणार असेल तर नाही, आणि यात चूक तिची नाही. मंत्रालयात खेटे घालण्यापेक्षा शहरातल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटून दोन-तीन अंगणवाड्यांत नुसतं बसायची लेखी परवानगी मागा. तुमचा आकडा आणि वजनकाट्याचा, उंची मोजायच्या पट्टीचा आकडा शेजारी शेजारी लिहा, कुठं चुकतं तेही लपवू नका. मुलांचे फोटो आहेत म्हणून पालकांची संमती हवीच आणि फोटो कुठं साठवणार हे त्यांना मराठीत समजावून सांगायला हवं. हे सगळं कागदावर आलं की अधिकाऱ्याला फाइल पुढं सरकवायला काहीतरी आधार मिळतो.

प्रश्न: पिंपरी-चिंचवड महापालिकेनं यूएनडीपीबरोबर (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) सोशल इम्पॅक्ट बाँडचा करार केल्याचं मागं वाचलं होतं. बाँड म्हणजे कर्जरोखा ना? मग समाजसेवेत कर्ज कुठून आलं? (निगडी)

उत्तर: नाव बाँड असलं तरी रचना वेगळी आहे. एक गुंतवणूकदार आधी पैसे घालतो, संस्था काम करते, त्रयस्थ लोक निकाल मोजतात, आणि ठरलेला निकाल आला तरच सरकार किंवा एखादं फाउंडेशन गुंतवणूकदाराला पैसे परत देतं, वर काही परतावाही. निकाल नाही आला तर नुकसान त्याचं. म्हणजे फसण्याची जोखीम करदात्यावर येत नाही, हा त्यातला चांगला भाग. जगातला पहिला २०१० मधे इंग्लंडमधे पीटरबरोच्या तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्यांसाठी झाला. आपल्याकडं राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ एज्युकेट गर्ल्स या संस्थेनं केला, शाळेबाहेरच्या मुली शाळेत आणायच्या आणि मुलांचं शिकणं सुधारायचं. शेवटी पटनोंदणी लक्ष्याच्या ११६ टक्के आणि शिकण्यातली प्रगती १६० टक्के निघाली, सगळ्यात मोठी उडी तिसऱ्या वर्षी. गुंतवणूकदाराला वर्षाला १५ टक्के परतावा मिळाला. तो दिला मात्र सरकारनं नव्हे, परदेशी फाउंडेशननं.

मला यात एक गोष्ट आवडते आणि एक खटकते. आवडते ती ही की दरवर्षी मोजल्यामुळं संस्थेला आपली पद्धत मधेच बदलता आली, नाहीतर आपल्याकडं अहवाल शेवटी येतो आणि कुणी वाचत नाही. खटकतं ते असं की जे मोजायचं ठरलं त्याच्याकडंच सगळ्यांचं लक्ष जातं. दवाखान्यात तपासलेल्या पेशंटची संख्या मोजली तर संख्या वाढेल, पण म्हातारीशी दोन मिनिटं नीट बोलले का हे कुठल्या तक्त्यात येणार? तुम्ही निगडीत राहता तर महापालिकेला विचारा की मोजायचं काय हे कुणी ठरवलं, आणि त्यात दवाखान्यात रांगेत उभं राहणारं कुणी होतं का.

प्रश्न: स्पष्टच लिहितो. सरकारला शाळा-दवाखाने चालवणं जमत नाही. सगळं चांगल्या संस्थांकडं आणि कंपन्यांकडं सोपवावं, सरकारनं मधून बाजूला व्हावं. तुम्हाला पटतं का? (निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ)

उत्तर: नाही पटत, काका. तुमचा राग समजतो, पण आकडे बघा. देशभरातल्या सगळ्या कंपन्यांचा सीएसआर २०२२-२३ मधे साधारण ३० हजार कोटी होता. एकट्या महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना जाहीर करताना वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद सांगितली होती. योजनेवर मत काहीही असू दे, पण खासगी पैसा सरकारी पैशाच्या जागी येऊच शकत नाही एवढा फरक आहे. शिवाय हा पैसा कारखाने आणि ऑफिसं असतात तिकडं जास्त जातो, पुण्याला मिळतो, नंदुरबारला त्या मानानं कुठं मिळतो?

आणि हा वाद पुण्याला नवीन नाही. तुमच्या घरापासून फार लांब नाही, भिडे वाड्यात १८४८ मधे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती सरकारी नव्हती, स्वतःच्या आणि मित्रांच्या बळावर होती, सरकारी मदत नंतर मिळाली. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी कॅम्प चालवला तोही लोकवर्गणीवर. म्हणजे खासगी प्रयत्नांची ताकद त्यांच्याइतकी कुणाला माहीत असणार? तरी १८८२ मधे इंग्रज सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढं निवेदन देताना जोतीरावांनी मागितलं काय, तर बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, आणि शिक्षणातून सरकारनं अंग काढून घेऊ नये. शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून तिजोरी भरते तर त्याच्या मुलाला शाळा मिळालीच पाहिजे असा त्यांचा सरळ हिशोब होता.

रोजगार हमीचंही तसंच. वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा, पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन गावातल्या माणसाला मागेल तेव्हा काम. तुमच्या बँकेतल्या पगारातूनही तो कापला गेला असेल. काम मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, अशी हमी कुठली कंपनी देऊ शकेल? कंपनीच्या दारात माणूस विनंती घेऊन जातो, कचेरीत तो भांडू शकतो, आणि ते भांडायचं ठिकाण शाबूत राहिलं पाहिजे असं मला फार वाटतं. सरकारी शाळा वाईट चालत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत पालकांबरोबर तुमच्यासारखी हिशोब कळणारी माणसं मदतीला बसली तर बराच फरक पडेल, अगदी मनापासून सांगते, एकदा जवळच्या मनपा शाळेत जाऊन विचारा.

प्रश्न: मी एकटी राहते, पेन्शन पुरते. एक एफडी मोडून दोन लाख चांगल्या कामाला द्यायचे आहेत. कुणाला देऊ आणि फसवणूक होणार नाही हे कसं बघू? (आजी, कोथरूड)

उत्तर: आजी, आधी तुमच्या औषधपाण्याचे वेगळे ठेवा आणि सगळे एकदम देऊ नका, यंदा थोडे, काम बघून पुढच्या वर्षी बाकीचे. संस्थेचं नाव मी सांगत नाही, पण रिक्षानं जाता येईल इतक्या जवळची निवडा म्हणजे अधूनमधून जाऊन बसता येईल. नोंदणी प्रमाणपत्र, देणगीवरच्या करसवलतीचं (८०जी) पत्र आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब मागा, चांगली संस्था ते लगेच समोर ठेवते, कां-कूं करायला लागले तर उठून या. एखाद्या वस्तूऐवजी कार्यकर्तीच्या मानधनाला किंवा मुलांच्या बसभाड्याला पैसे द्या, या गोष्टींना कंपन्या सहसा पैसे देत नाहीत आणि काम तिथंच अडतं. करात सवलत हवी असेल तर ती जुन्या कर पद्धतीतच मिळते, आणि रोख २,००० च्या वर दिलं तर मिळत नाही, म्हणून चेकनंच द्या, चेकवर संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव लिहा आणि पावतीवर तुमचा पॅन नंबर बरोबर आलाय का ते तिथंच चष्मा लावून बघून घ्या.